वरची गल्ली, खालची गल्ली आणि आक्कांचं कांडप

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. जयसिंगपुरात आमच्या घरी सगळं वेळेवर आणि जिथल्या तिथं असायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं, चपला भिंतीला लागून एका ओळीत, किल्ल्या एकाच खिळ्याला. त्या घरात वाढलेली मी, प्राची शांतिनाथ मगदूम, कोल्हापुरात मानसशास्त्रात पीएच.डी. करायला आले, तेव्हा त्या शास्त्रात मला सगळ्यात जास्त आवडले ते रकाने. माणसाच्या वागण्याला रकाने पाडले की ते गुमान त्यात जाऊन बसतं, यावर माझा तेव्हा ठाम विश्वास होता. उचगावच्या बायकांशी गाठ पडायची होती अजून.

डिसेंबर २००३ मध्ये मी उचगावात दोन गल्ल्या निवडल्या. प्रबंधात खरी नावं द्यायची नसतात, म्हणून एक वरची गल्ली आणि एक खालची गल्ली. दोन्हीकडं पाच ते नऊ वर्षांची मुलं असलेली वीस-वीस घरं. मुलं सगळीकडं असतात तशीच: हट्ट करणारी, मारामाऱ्या करणारी, दप्तर गटारात टाकून घरी येणारी. बेत साधा होता. वरच्या गल्लीतल्या आयांना मी बारा सोमवार शिकवणार. खालच्या गल्लीत काहीच करायचं नाही, फक्त डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा मुलांचं वागणं मोजायचं. मे महिन्यात वरची पोरं निवळलेली दिसली आणि खालची होती तशीच राहिली, तर फरक शिकवण्यानं पडला असं छातीठोकपणे म्हणता येणार. मग जुलैत खालच्या गल्लीलाही तेच शिकवायचं, म्हणजे कुणावर अन्याय नको. पोर हाताबाहेर जाऊन मग धावाधाव करण्यापेक्षा आधीच गल्लीनं त्याला सावरावं, ही त्यामागची कल्पना.

या सगळ्याचा जीव एकाच गोष्टीत होता. वरचं खाली जाता कामा नये. जुलैच्या आधी खालच्या गल्लीत यातलं काही पोचलं, तर माझी तीन वर्षं पाण्यात.

म्हणून मी नकाशा काढला. बायका कुठं कुठं भेटतात, ते सगळं त्यात टिपलं. नळ वेगळे, शाळा वेगळ्या, रेशनची दुकानं वेगळी, भिशीचे वार वेगळे. एवढंच काय, दोन्ही गल्ल्यांचे गणपतीसुद्धा वेगळे आणि एकमेकांशी अबोला धरलेले. आमच्या मार्गदर्शक बाई नकाशा बघून म्हणाल्या की इतकं बारीक काम आजवर कुणी त्यांना आणून दाखवलं नव्हतं. मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

वर्गाला जागा दिली आक्कांनी. वरच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं मिरची कांडप होतं, म्हणजे तिखट-मसाला कुटायची गिरणी. सोमवारी ती बंद असायची. पत्र्याची मोठी शेड, बसायला पोती, आणि हवेत इतकी मिरची की पहिली पाच मिनिटं सगळ्यांचं शिंकण्यातच जायचं. आक्का पन्नाशीच्या. यंत्राच्या धडधडाटात जन्म गेल्यामुळं त्या गुपितसुद्धा ओरडूनच सांगायच्या. कुंकवाचा धनी गेलेला, मुलगा पुण्याला, आणि सगळ्या गल्लीवर हक्कानं डाफरायचा परवाना.

शिकवायच्या गोष्टी तीनच होत्या. पोरानं काही चांगलं केलं की तिथल्या तिथं, काय केलं ते नाव घेऊन सांगून कौतुक करायचं. काम सांगायचं ते जवळ जाऊन, एका वेळी एकच. आणि ठरवलेलं काम केलं की भिंतीवरच्या कागदावर एक टिकली चिकटवायची. पुस्तकात सोनेरी चांदण्या लिहिल्या होत्या. पण टिकल्यांचं पाकीट प्रत्येक घरात असतंच.

पहिल्याच सोमवारी घोडं पेंड खायला लागलं. मी म्हटलं, पोराचं तोंडावर कौतुक करा. वीस बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मी पोराला विहिरीत ढकला म्हटलंय. आक्कांनी सगळ्यांच्या वतीनं सांगितलं की तोंडावर कौतुक केलं की पोराला दृष्ट लागते. मी पुस्तकातले दाखले दिले. दाखल्यांनी दृष्ट उतरत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन सोमवार या वादात गेले. तिसऱ्या सोमवारी आक्कांनीच तोड काढली: कौतुक करायचं, पण सोबत एक शिवी घालायची, म्हणजे दृष्ट लागत नाही.

झालं. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी घराघरात जाऊन कोपऱ्यात बसले, तर कानावर पडतंय काय? "मुडद्या, चपला जाग्याव ठिवलास, लई ब्येस केलास." "सटवे, न सांगता ताट उचाललीस की गं." माझ्या फॉर्मवर दोन रकाने होते, एक कौतुकाचा आणि एक रागावण्याचा. हे कुठं लिहायचं? मी बाणेदारपणे सगळं रागावण्यात लिहिलं आणि आक्कांच्या गल्लीत कौतुक शून्य असा निष्कर्ष घेऊन बाईंकडं गेले. बाई म्हणाल्या, "प्राची, आईचे शब्द सोड. ते ऐकल्यावर पोराचं तोंड कसं होतं ते बघ, आणि त्यावरनं रकाना ठरव." मी परत गेले आणि बघितलं. 'मुडद्या' म्हटल्यावर ते पोरगं असं फुललं होतं, की दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्यांच्याही चपला ओळीत लावल्या.

वर्ग सुरू करतानाच मी सगळ्यांकडून जोतिबाची शपथ घेतली होती. यातलं काहीही खालच्या गल्लीत सांगायचं नाही. जैनाची पोर जोतिबाची शपथ घालते याचं बायकांना हसू आलं, पण शपथ घेतली सगळ्यांनी, आणि मनापासून घेतली.

फेब्रुवारीतली गोष्ट. वर्ग आटोपून मी केएमटी बसच्या थांब्यावर उभी होते, तेव्हा खालच्या गल्लीतली चन्नम्मा माझ्याजवळ आली. तिची शिवलीला सात वर्षांची. डिसेंबरात मी त्या घरी मोजणी केली होती. छत्तीस प्रश्नांच्या यादीत शिवलीलाला एकतीस गुण होते, आणि हे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. दोन्ही गल्ल्यांत तिचा पहिला नंबर. मी तिथं बसलेल्या अर्ध्या तासात तिनं तांब्या अंगणात भिरकावला, दोनदा कपाटावर चढून उडी मारली आणि माझं पेन पिठाच्या डब्यात पुरलं. सगळ्यात मोठा ताप होता तिचा आवाज. ती आईला साधं 'अव्वा' म्हणाली तरी चार घरांतल्या आया ओ देत. शाळेतून त्या आवाजाबद्दल तीन चिठ्ठ्या आल्या होत्या, आणि एक चिठ्ठी वर्गातल्या बाईंच्या हाताला चावल्याबद्दल.

चन्नम्मा सीमेकडच्या लिंगायत घरातली, बोलायला मऊ. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "म्याडम, वरच्या गल्लीत तुमी काय शिकवताय मला म्हाईत न्हाय. इचारत बी न्हाय. माझ्या पोरीचं तेवढं बगा."

मी तिला जुलैचं सांगितलं. ती म्हणाली, "जुलैत ती हितं नसती."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याचं, पंचाक्षरीचं, मार्केट यार्डात बारदानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या चिठ्ठ्यांनी आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यांनी जेरीला आला होता. त्याची थोरली बहीण, दानेश्वरी, संकेश्वरला असायची. ती कडक. तिच्या घरात मांजरसुद्धा विचारून म्यांव करतं म्हणायचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आत्या येऊन शिवलीलाला घेऊन जाणार, तिकडच्याच शाळेत घालणार आणि सरळ करणार, असं बहीण-भावाचं ठरलं होतं. चन्नम्माला ते कबूल नव्हतं, पण नको म्हणायला तिच्याजवळ कारणही नव्हतं. पोरगी ऐकते असं एक उदाहरण तिला दाखवता येत नव्हतं.

मी नाही म्हटलं. एका घराला आधी शिकवलं तर सगळा अभ्यास बाद होतो, हे मी तिला समजावून सांगितलं, आणि फार चांगल्या शब्दांत सांगितलं. तिनं मान डोलावली. "बरं, मी जातो," म्हणाली आणि गेली. बस आली. खिडकीशी बसून मी मनाला बजावत राहिले की चाळीस घरांच्या भल्यासाठी एका घराला थांबावं लागतं. हिशेब बरोबर होता. तरी कोल्हापूर येईपर्यंत मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता.

मार्चअखेर वर्ग संपले. एप्रिल मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पंख्याखाली काढला. मे उजाडला तशी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन पुन्हा उचगावात हजर झाले. वरच्या गल्लीची मोजणी रोज दिवेलागणीला जाऊन आठवड्यात उरकली आणि मी आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिले. बावीस गुणांची सरासरी बारावर आली होती. आता खालची गल्ली बावीसच्या आसपास निघाली, की मी डॉक्टर.

खालच्या गल्लीतलं पहिलं घर तानाबाईंचं. डिसेंबरात त्यांच्या थोरल्यानं धाकटीला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडायचा प्रयत्न केला होता. मी कोपऱ्यात बसले, घड्याळ लावलं. पाच मिनिटांत तानाबाई चुलीपुढनं उठून पोराजवळ आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "भाड्या, बारकीला खेळाय घेतलास व्हय. लई ब्येस केलास."

माझं पेन थांबलं. मी मान वर केली. भिंतीवर कालनिर्णयाच्या खाली एक पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यावर लाल टिकल्यांची ओळ.

अर्धा तास मी दातांवर दात ठेवून बसले. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी टिकल्या हिरव्या होत्या, एवढाच काय तो फरक. मोजणी झाल्यावर हे कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर ती बाई सहज म्हणाली की कांडपावर सगळ्याच असं करतात.

मी कांडपाकडं निघाले. चालले म्हणण्यापेक्षा सुटले म्हणणं बरोबर. आणि गल्लीच्या तोंडाला पोचल्यावर जागच्या जागी उभी राहिले, कारण सोमवारी आणि दिवेलागणीला बंदच दिसलेलं कांडप मी जन्मात पहिल्यांदा चालू बघत होते.

लोखंडी मुसळं वर-खाली होत होती, जमीन हादरत होती, आणि शेडमध्ये, बाहेर मांडवात, समोरच्या लिंबाखाली मिळून चाळीस-पन्नास बायका बसल्या होत्या. वरच्या गल्लीच्या, खालच्या गल्लीच्या, पलीकडच्या मळ्यातल्यासुद्धा. प्रत्येकीपुढं भाजलेल्या मिरच्यांचं पातेलं, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, आणि शेजारी रिकामा डबा. वर्षाची कांदा-लसूण चटणी एकदाच होते, मार्च ते मे या दिवसांत, आणि चटणी कांडपावर टाकून कोणी घरी जात नाही. आपला माल आपल्या डोळ्यांदेखत कुटून, आपल्या हातानं डब्यात भरून न्यायचा. तीन-तीन, चार-चार तास बसायचं. सोबत पोरं असतातच. सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याला हे ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते मला एकटीला. आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. आमचं साधं लाल तिखट वडील पेठेतून येताना दळून आणत. नळ, रेशन, भिशी, गणपती सगळं मी नकाशात घातलं होतं. आणि बारा सोमवार ज्या पोत्यांवर बसून मी शिकवलं, ती पोती बाकीचे सहा दिवस कशाला लागतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

चूक माझी होती, म्हणून मी आक्कांवर भडकले. यंत्राच्या आवाजात काही ऐकू जाईना, तेव्हा घसा फाडून ओरडायला लागले. शपथ, विश्वास, विज्ञान, सगळं बोलून झालं. आणि ऐन वेळी लाईट गेली. मुसळं थांबली, शेडमध्ये चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत माझं शेवटचं वाक्य खणखणीत पडलं: "आक्का, तुम्ही माझी पीएच.डी. मिरचीत कुटली!"

कुणीतरी शिंकलं. मग सगळा मांडव हसायला लागला.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, माझ्यासाठी पोतं सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा. जोतिबाची आन घेतलीया म्याडम. माझ्या गल्लीतल्या एका बाईनं बी खाली काय सांगितलं न्हाय. पन पोरं आयांसंगट हितं येत्यात, तीन-तीन तास बसत्यात. पोरगं डोळ्याम्होरं चांगलं वागलं, तर कुटल्या गल्लीतलं हाय ते इचारून मग कौतिक करायचं व्हय?"

मी पोत्यावर बसले. वरच्या गल्लीच्या बायका बोलल्या नव्हत्या, नुसत्या वागल्या होत्या. समोर बसलेल्यांना डोळे होते. तीन तास रिकाम्या बसलेल्या बाईनं बघायचं नाही तर काय करायचं?

तेवढ्यात लाईट आली, मुसळं पुन्हा धडधडायला लागली, आणि त्या धडधडाटाच्या वरनं एक हाक आली. "तानाबाई, पातेलं घिऊन म्होरं या! चिमणाबाई, तुमचं अजून गार व्हायचंय, बसा खाली!" पोत्यांच्या थप्पीवर, केसांत मिरचीचा लाल भुगा माखलेली शिवलीला उभी होती. चिमणाबाई साठीच्या. त्या मुकाट्यानं खाली बसल्या.

आक्कांनी सांगितलं ते असं. पोरगी पहिल्या दिवशी आली आणि तिनं मूठभर तिखट हवेत उडवलं. अख्खी शेड तासभर शिंकत होती. रागवायला कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना, इतकी शिंक. मग आक्कांच्या ध्यानात आलं, की यंत्र चालू असताना या पोरीचा आवाज शेवटच्या बाईपर्यंत जातो, आपला जात नाही. त्यांनी जवळ जाऊन एकच काम सांगितलं: पाळी पुकारायची, आणि उडी मारायची नाही. संध्याकाळी कांडपाच्या दारामागं एक टिकली लावली. दीड महिना झाला, पोरगी रोज येत होती. चन्नम्माचा चटणीचा डबा कधीच भरला होता, तरी तीही कुणाच्या ना कुणाच्या नावानं येऊन बसत होती आणि बघत होती.

चन्नम्मा मांडवातच होती. मला बघून ती घाबरली, की आता मी तिलाही बोलणार. मी तिच्याजवळ जाऊन बसले. फेब्रुवारीपासून अडकलेलं बोलून टाकलं, की मी तुझ्याशी वाईट वागले, मला माफ कर. ती गडबडून गेली. मग हळूच म्हणाली, "हितं शानी हाय ओ. घरात आप्पांच्या म्होरं गेली, की पुन्यांदा तेच. त्ये आधीच डोळं वटारून बसत्यात. त्येंनी हिला चांगलं वागताना बगितलंच न्हाय." आणि आत्या शनिवारी येणार होती.

प्रबंधाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे ती टोचणी मनात नको. बाईंनी आकडे बघितले. वरची गल्ली बारा, खालची गल्ली तेरा, दोहोंत फरक जवळजवळ शून्य. मी रडले. बाई चष्मा काढून हसल्या आणि म्हणाल्या की दोन गल्ल्यांतला फरक बघू नकोस, डिसेंबर आणि मेमधला बघ. तू वीस घरांना शिकवलंस आणि चाळीस घरांना आलं, हे तुला दिसत नाही का? त्यावर एक वेगळं प्रकरण झालं. पण तुलना हवीच होती, म्हणून दूरच्या एका गावात पहिल्यापासून सगळं करावं लागलं. त्यात दीड वर्ष गेलं, पदवी २००७ साली मिळाली. त्या नव्या गावाच्या नकाशात मी सगळ्यात आधी कांडप शोधलं.

तर शनिवार. चन्नम्माच्या घरची मोजणी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. डिसेंबरातही ती शनिवारी संध्याकाळी केली होती आणि तेव्हा पंचाक्षरी घरी होता, म्हणून आताही तीच वेळ. निरीक्षण करणाऱ्यानं त्या अर्ध्या तासात भिंतीसारखं बसायचं असतं. बोलायचं नाही, हसायचं नाही, पोरानं विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. मी कोपऱ्यात बसले. कॉटवर आत्या बसली होती, उंच, गोरी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि तोंडावर अशी शांतता की मीसुद्धा पाय जुळवून घेतले. कॉटखाली शिवलीलाच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. पंचाक्षरी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या लालसर झालेल्या मला दिसल्या, पण तेव्हा उमगलं नाही.

शिवलीला बाहेरनं आली ती "अव्वा" म्हणून हाक मारतच. घरातली भांडी वाजली. आत्यानं डोळे मिटून उघडले. पंचाक्षरीनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

चन्नम्मा पोरीजवळ गेली, वाकली आणि एकच सांगितलं: आत्तीला पाणी दे. शिवलीलानं तांब्या भरला, काठोकाठ. दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून ती चालायला लागली, आणि कॉटपाशी येऊन तिचा पाय चटईत अडकला. अर्धा तांब्या आत्याच्या इरकली साडीवर.

डिसेंबरात हा तांब्या अंगणात गेला असता आणि मागोमाग पोरगी कपाटावर. आता ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग तांब्या खाली ठेवला, आतून फडकं आणलं, आणि आधी आत्याचे पाय पुसले, मग फरशी. चन्नम्मा काहीच बोलली नाही. नवऱ्यानं बघावं म्हणून ती मुद्दाम गप्प राहिली, असं तिनं मला पुढं सांगितलं.

बोलला तो पंचाक्षरी. आधी पोरीशी. "पुसून घेतलीस. शानी हाईस," एवढंच. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या कौतुकाची ओळ डिसेंबरपासून कोरी होती. मी तिथं पहिली रेघ मारली आणि ती वाकडी आली.

मग तो बहिणीकडं वळला. "दानक्का, तुज्या चटणीसाटी आज मी सोता कांडपावर गेलतो. दीड तास रांगंत हुतो. मला बगून बी हिनं वळख दाखवली न्हाय. माजी पाळी आली तवा म्हनाली, पंचाक्षरी आप्पा, म्होरं या, घाई करू नका, सगळ्यांचं हुतंय. पन्नास बायका हिचं ऐकत हुत्या. मी बी ऐकलो." त्यानं तिखटानं लाल झालेल्या बाह्या वर सारल्या. "घरात हिला मी गप बस सोडून दुसरं काय बोललोच न्हाय कदी. डबा घिऊन जा तू. पोरगी ऱ्हाऊ दे."

आत्यानं ओल्या साडीकडं बघितलं. मला वाटलं, आता बहीण-भावांत वाजणार. तिनं पदर पिळला आणि विचारलं, डबा पाच किलोचाच भरलाय का, कारण पोरीला न्यायचं नसेल तर पिशवीच्या जागी आणखी एक मावेल. हसली नाही, पण पदराच्या टोकानं शिवलीलाचं नाक मात्र पुसलं.

शिवलीलाला मोठ्यांचं बोलणं नीट कळलं नसावं. तिनं एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा बापाकडं. "आप्पा, म्हंजे मी जायाचं न्हाय?"

"न्हाय."

तिनं जी आरोळी ठोकली, ती वरच्या गल्लीत आक्कांच्या शेडपर्यंत गेली असणार. शेजारची चार दारं उघडली, कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं, चन्नम्मा तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि इतका आनंद मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नाही. भिंतीनं रडायचं नसतं, तरी मी रडत होते. पोरगी अंगणात जाऊन ओरडली, परत आत येऊन ओरडली. तिला हळू बोल असं कुणीच म्हटलं नाही. अर्धा तास संपायला अजून अकरा मिनिटं होती, पण मी फॉर्म मिटला आणि चन्नम्माला चहा ठेवायला सांगितलं.